मंगळवारचं घर

वुनिवाऊ, कांदावू बेट
८ मार्च १९९६

इसिकेली भावोजी,

हे पाकीट न फोडताच तुम्ही खाणीच्या एखाद्या बोगद्यात भिरकावून द्याल, अशी पैज पेथेलीने माझ्याशी लावली आहे. तुम्ही इथवर वाचलंत म्हणजे मी जिंकले. आता महिनाभर ओढ्याचं पाणी नवरोबा आणणार. तेव्हा आधी त्याबद्दल तुमचे आभार.

अक्षर ओळखलं नसेल तर सांगते. मी केलेरा. अलुमिताताईची धाकटी बहीण. तुमच्या लग्नात जिने तुमच्या डोक्यावर पावडरचा अख्खा डबा उपडा केला होता, ती. तीन वर्षं झाली तुमचा आवाज ऐकून. वातुकौलाला जाऊन आलेले लोक सांगतात, इसिकेली बरा आहे, जाडा झालाय, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो आणि वुनिवाऊचं नाव काढलं की उठून जातो. लाटांचा आवाज नसला तर ज्याला झोप लागत नसे, तो माणूस जमिनीच्या पोटात उतरून सोनं कसं खणतो, हे मला अजून उमगलेलं नाही. पण ते विचारायला मी लिहीत नाहीये.

मला तुमच्या घराची किल्ली हवी आहे.

रागावण्याआधी पुढचं वाचा. नालोतूच्या दवाखान्यात उनाइसी नावाची नवी नर्स आली आहे. रेवाकडची, उंच, बोलली की कोंबड्या पळतात. आपल्याकडच्या पोटुशा बायका तपासणीला एकदा येतात आणि मग तोंड दाखवत नाहीत, हे तिच्या लक्षात आलं. म्हणून ती स्वतःच होडीत बसून विचारायला आली. लोसालिनी आजी तिला म्हणाली, "पोरी, तू कधी भरल्या पोटी होडीतून त्या टोकाला वळसा घालून गेली आहेस? पोर तोंडावाटे बाहेर यायला बघतं!" नर्स हसली नाही. म्हणाली, "मी सडी आहे. मला उलटी होत नाही. मग मीच येत जाते." दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी.

या मंगळवारी ती पहिल्यांदा आली. जागा दिली सभाघरात. एका कोपऱ्यात दोरीवर चादर टाकली, अलीकडे चादर धरायला दोघी जणी, आणि पलीकडे नेहमीप्रमाणे पुरुषमंडळी यांगोना पीत परातीभोवती बसलेली. सेरेआना आत झोपली होती. नर्स तिला काहीबाही विचारत होती, आणि पलीकडे एकेक वाटी रिकामी होताना टाळी पडायची ती पडेनाशी झाली. सगळे कान लावून बसलेले! तेवढ्यात वाऱ्याने चादर उडाली. सेरेआना सुलू सावरत जी पळाली ती थेट अळूच्या वाफ्यात जाऊन बसली. बाकीच्या आत गेल्याच नाहीत.

नर्स जाताना म्हणाली, "मला चार भिंती द्या, आतून लागणारं दार द्या आणि पाणी द्या. नाहीतर मी येऊन उपयोग नाही."

आपल्या सगळ्यांची घरं तुम्हाला माहीत आहेत. एक खोली, एक पडदा आणि दहा माणसं. पाद्रीबाबांची बायको हो म्हणाली, पण पाद्रीबाबांच्या घरात सुलू सोडायला कोण तयार होणार? गावात सिमेंटच्या भिंतींचं, दोन खोल्यांचं, पाण्याच्या टाकीचं आणि होड्या लागतात त्याच्या शेजारचं एकच घर आहे. ते तुम्ही कुलूप लावून गेलात.

बायकांनी मला लिहायला सांगितलं. मी फक्त त्यांच्या वतीने लिहिते आहे. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. पण म्हणा.

तुमची मेहुणी,
केलेरा


१७ एप्रिल १९९६

भावोजी,

तुम्ही हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत. पेथेली म्हणतो, पैज तोच जिंकला. मी म्हणते, पत्र वाचून गप्प बसणं वेगळं आणि न वाचणं वेगळं. पाणी अजून तोच आणतोय.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मी फक्त बायकांच्या वतीने लिहिते. ते खरं नव्हतं. मला चौथा महिना लागला आहे.

तुम्हाला वाचून काय वाटेल या भीतीने लिहिलं नाही. ताईच्या नवऱ्याला ही बातमी कशी सांगायची, ते मला सुचेना. दोनदा लिहून खोडलं. आता खोडत नाही, कारण शाई संपत आली आहे आणि पोट लपेनासं झालं आहे.

या महिन्यात मी नालोतूला जाऊन आले. वारा दक्षिणेचा होता. टोक ओलांडेपर्यंत मी होडीच्या तळाशी गोणपाटावर पडून होते, आणि अंगावरून लाट गेली की पेथेली म्हणायचा, "झालं, आता पोचलोच!" हे तो चारदा म्हणाला. तिथे ओल्या कपड्यांनी बाकावर बसले. परत येताना पुन्हा तेच. घरी आल्यावर मी जे म्हणाले ते ऐकून मलाच धस्स झालं. मी म्हणाले, "आता बाळंत व्हायलाच जाईन."

ताई हेच वाक्य बोलली होती, आठवतं? याच दारात उभी राहून, केस पिळत.

त्या दिवसांबद्दल आपण दोघं कधी बोललोच नाही. ताईचे पाय सुजले, तेव्हा सगळ्या बायका म्हणाल्या, होतं असं. डोकं दुखायला लागलं, तेव्हा तुम्ही होडी पाण्यात ढकललीत आणि बाबा कमरेएवढ्या पाण्यात दोर धरून उभे राहिले. "वारा पडू दे, इसिकेली. उजाडल्यावर निघा." तुम्ही ऐकलंत. उजाडल्यावर निघालात आणि टोकापाशी पोचेपर्यंत ताई राहिली नव्हती. पुरताना तुम्ही सगळ्यांसमोर बाबांना म्हणालात, "मामा, तुम्ही धरलेला दोर मी सोडवायला हवा होता." बाबांनी वडीलधाऱ्यांना घेऊन तुमच्यापुढे देवमाशाचा दात ठेवला. माफी मागायला माणसाकडे त्याहून मोठं काही नसतं. तुम्ही त्याला हात न लावता उठलात आणि त्याच आठवड्याच्या जहाजाने गेलात.

मी कोणाच्या बाजूने लिहीत नाही. माझ्या पोटात आता एक जीव आहे आणि मला टोक ओलांडायची भीती वाटते, एवढंच लिहिते. नर्स स्वतः समुद्र ओलांडून यायला तयार आहे. तिला दार हवं आहे.

बाबांना ठाऊक नाही मी तुम्हाला लिहिते ते.

केलेरा


९ मे १९९६

भावोजी!

किल्ली पोचली. जहाजावरच्या खलाशाने पेथेलीच्या हातात मोज्यात बांधलेली पुडी दिली आणि म्हणाला, "खाणवाल्याने पाठवलीय." मोजा उलटापालटा करून बघितला, चिठ्ठी नाही. मोज्याला भोक मात्र होतं. दुसरा असेल तर तोही पाठवा, रफू करून ठेवते.

थट्टा राहू दे. मी किल्ली हातात घेऊन ओट्यावर बसले. पेथेली म्हणाला, "रडतेस काय, घर मिळालं की!" मी म्हटलं, "म्हणूनच." भावोजी, तुमचे उपकार कसे मानायचे ते मला येत नाही. दार उघडतानाचं सगळं सांगते, तेच आभार समजा.

कुलूप गंजलं होतं. खोबरेल ओतलं तेव्हा फिरलं. आत सिमेंटची एक गोणी दगड होऊन बसली आहे. खिडकीच्या काचांवर दुकानातला कागद तसाच. एक कोंबडी कुठून शिरली देव जाणे, पुढच्या खोलीत अंड्यांवर बसली होती आणि आम्हालाच ओरडत होती. ताईने दाराशी लावलेला गवती चहा आता माणसाएवढा झालाय, तो कापावा लागला. कापताना सगळ्यांना त्याचा वास आला आणि सगळ्या होत्या तिथेच उभ्या राहिल्या. मग लोसालिनी आजी म्हणाली, "उभ्या काय राहता? पाणी उकळा. तिने चहा पाजल्याशिवाय कोणाला पाठवलं होतं का कधी?" तो चहा आम्ही तुमच्या पायरीवर बसून प्यायलो.

मग घासणं, धुणं. सगळ्यांनी घरून एकेक चटई आणली. मी नवी विणलेली केवड्याची दिली. मागच्या खोलीत पाद्रीबाबांची खाट आली. गरोदर नसलेल्याही आल्या, आणि पुरुषांना टाकी साफ करायला लावली. "घर दुसऱ्याचं, बाळ तिसऱ्याचं आणि कंबर आमची मोडते," असं म्हणत होते, पण केली.

मंगळवारी नर्स आली. खोली बघून म्हणाली, "हं." तिच्या तोंडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ. सातजणी होतो. दार आतून लागलं आणि भावोजी, काय सांगू, सेरेआनासारखी लाजाळू पोरगीसुद्धा आत इतका वेळ बोलत बसली की बाहेरच्यांनी दार वाजवलं. बाळाचे ठोके ऐकायचं एक लाकडी नळकांडं असतं, ते नर्सने माझ्या पोटाला लावलं, मान हलवली आणि म्हणाली, "धावतंय." तपासून झाल्यावर मी घरी चालत गेले. पोटातलं पाणी हललं नाही. दालोचे कंद अजून चुलीवरच होते, तेही करपले नव्हते. पूर्वी याच कामाला दिवस जायचा आणि दोन दिवस अंग मोडून यायचं.

सगळ्यात शेवटी लोसालिनी आजी आत गेली. "आजी, तुझं काय?" "माझंही पोट बघ, कधीपासून फुगलंय." नर्सने तेही बघितलं. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला.

एक सांगायचं राहिलं. बाबा आले होते. कोणीतरी किल्लीचं सांगितलं असावं. स्वतः रंधा मारून आणलेला बाक त्यांनी ओट्याखाली ठेवला आणि रस्त्यापलीकडच्या नीरफणसाखाली जाऊन उन्हात बसले. मी हाक मारली, "बाबा, इकडे सावलीत या." म्हणाले, "बायकांना घर दिलंय त्याने. मला नाही दिलेलं."

तुमची ऋणी,
केलेरा


५ जुलै १९९६

भावोजी,

तुमचं पत्र आलं! चार ओळी, पण तुमच्या हाताच्या. पेथेलीने ते आपल्याकडे ठेवून घेतलं आहे, पैज हरल्याचा पुरावा म्हणून.

तुम्ही विचारलंत, मागच्या दाराची कडी अडकते का. अडकते. सेरेआना आत अडकली होती, खिडकीतून काढावी लागली. तुम्ही लिहिल्याप्रमाणे पेथेलीने ती खालून ठोकली, आता बरी आहे.

शेवटच्या ओळीत तुम्ही जे विचारलंत, ते मी नर्सला मंगळवारी विचारलं. सगळ्या गेल्यावर, दार लावून. जसं घडलं तसं सांगितलं: सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, मग झटके. मग विचारलं, अशी खोली तेव्हा असती तर ताई वाचली असती का?

ती उठली. हात धुतले, पुसले. म्हणाली, "मी तिला तपासलं नव्हतं, केलेरा. उगाच ठाम उत्तर कसं देऊ? वाचू शकली असती. याहून जास्त मी म्हणणार नाही."

मी रडायला लागले, तेव्हा माझ्याजवळ बसली. "पण एक ऐक. हे दुखणं नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पाय प्रत्येकीचेच सुजतात. दंडाला पट्टा बांधून बघितल्याशिवाय ते तिच्या नवऱ्याला कळणार नव्हतं आणि बापालाही कळणार नव्हतं. त्या वाऱ्यात निघाले असते तर होडी उलटली असती. थांबले, तर हे झालं. ज्याला दोन्हीकडून वाट नव्हती त्याने कुठली चूक केली, ते मला सांगता येत नाही."

जसं बोलली तसं लिहिलं आहे. एक शब्द माझा नाही.

हेच मी बाबांनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मळ्यात गेले. संध्याकाळी बघते तर अख्खा वाफा खुरपून काढलेला, माझाही आणि शेजाऱ्याचाही.

तुम्ही विचारलंत म्हणून मी विचारू शकले. नाहीतर हा प्रश्न मी जन्मभर पोटात घेऊन फिरले असते. त्याबद्दल तुमचे आभार मानते, आणि हे आभार किल्लीच्या आभारांपेक्षा मोठे आहेत.

मला सातवा आहे. लाथा मारतं. पेथेलीवर गेलंय.

केलेरा


१४ ऑगस्ट १९९६
सुवा

भावोजी,

पत्ता बघून घाबरू नका. थोडं प्रेशर वाढलं म्हणून मला सुव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात आणलं आहे. खाट खिडकीजवळ आहे, जेवणात मीठ नाही, बाकी बरं चाललंय.

पेथेली माल घेऊन पलीकडच्या बेटावर गेला होता, म्हणून बाबा बरोबर आले. विमानात पहिल्यांदा बसले. उतरेपर्यंत डोळे मिटून भजन म्हणत होते आणि वैमानिकाला म्हणाले, "छान चालवलंस, लाट एकसुद्धा लागली नाही."

तुम्ही काम सोडून येऊ नका. फक्त कळवलं.

केलेरा


२ ऑक्टोबर १९९६
सुवा, मावशीचं घर

भावोजी,

येऊ नका लिहिलं होतं, तरी आलात. खाणीतून पाळी संपवून थेट बसमध्ये बसलात, कानांमागची माती तशीच होती. मी तुम्हाला तेव्हा धड ओळखलंही नाही, म्हणून तुम्हाला जे माहीत नाही ते आता लिहिते.

प्रेशर थोडं नव्हतं. ऑगस्टच्या मंगळवारी मी नेहमीसारखी तुमच्या घरी चालत गेले होते. मला काही होत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, पाय थोडे जड, एवढंच. बायकांना मी म्हटलंही, "मला शेवटी घ्या, मला काय झालंय!" नर्सने पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. मग दुसऱ्या दंडाला बांधला. तिचा चेहरा मला अजून दिसतो. म्हणाली, "घरी जायचं नाही. कपडे कोणीतरी आणून देईल. दुपारची भरती आहे, समुद्र सपाट आहे, आत्ता निघायचं." तिच्याच होडीने मला नेलं आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसवलं.

डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी आठवडाभर गावातच राहिले असते तर दोघींनाही वाचवता आलं नसतं. आणि भावोजी, मी राहिले असते. मला काही होत नव्हतं ना! नालोतूला जायचं असतं तर मी त्या मंगळवारी गेलेच नसते. तुमच्या घरी चालत गेले म्हणून कळलं. हे मी कितीही वेळा मनात म्हटलं तरी नव्याने अंगावर काटा येतो.

तुम्ही आलात त्या दिवशी सकाळी मुलगी झाली होती. दिवस भरायच्या आधीची, मुठीएवढी, काचेच्या पेटीत ठेवलेली. मी खाटेवर होते आणि दार उघडं होतं, म्हणून मला तुम्ही दोघं दिसत होतात. बाबा बाकावर बसलेले. तुम्ही जिन्यावरून आलात, त्यांना बघून थांबलात. मला वाटलं, झालं, आता परत फिरतील. बाबा उभे राहिले. हातात देवमाशाचा दात नव्हता, काही नव्हतं. मावशीने दिलेला उकडलेल्या दालोचा डबा होता. तोच त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला आणि म्हणाले, "जेवला नसशील."

तुम्ही म्हणालात, "नाही, मामा."

मग तुम्ही दोघं बसून जेवलात. काय बोललात ते ऐकायला मी जिवाचा कान केला, तर तुमचं चाललं होतं होडीच्या इंजिनाबद्दल! प्लग बदलला का, गंज कुठवर आलाय. मला हसू येत होतं आणि टाके दुखत होते. तिथल्या नर्सबाई मला रागावल्या.

जाताना तुम्ही बाबांना एक वाक्य बोललात. ते त्यांनी मला दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मामा, मंगळवारी उन्हात कशाला बसता? माझ्या पायरीवर बसत जा."

मुलगी आता दूध पिते आणि रडते, दोन्ही जोरात. नाव वाथिसेवा ठेवलं, पेथेलीच्या आईचं. पहिली मुलगी, तसंच ठेवायचं असतं. ताईचं नाव ठेव असं पुष्कळांनी सुचवलं. मी नाही म्हटलं. जेवायला हाक मारताना आम्हाला रोज रडू यायला नको, आणि पोरीनेही दुसऱ्याचं आयुष्य ओढत का वाढावं? ताई होती, ती तिच्या नावानिशी आमच्याजवळ आहे. तुम्हाला हे पटेल असं वाटतं.

केलेरा


४ डिसेंबर १९९६
वुनिवाऊ

भावोजी,

घरी येऊन महिना होत आला. बाळाला हातात घ्यायला सगळा गाव येऊन गेला, प्रत्येकाने चटई नाहीतर कापड आणलं, आणि प्रत्येकाने सांगितलं की नाक आमच्याकडचं आहे. पेथेलीचे नातेवाईक गाणी म्हणत आठवडाभर राहिले. कसावा संपला तेव्हा गेले.

काल मंगळवार होता. पलीकडच्या गावातल्या बायकाही आता डोंगरवाटेने चालत तुमच्या घरी येतात. मी वाथिसेवाला वजनाला घेऊन गेले. नर्सने तिला उचलून धरलं आणि पुन्हा म्हणाली, "हं." मी तिच्या गळ्यात पडले. ती अवघडली, तिला तसलं आवडत नाही. म्हणाली, "मला कशाला? मी तर पगार घेते. ज्याने दार दिलं त्याला लिही." म्हणून लिहिते आहे, पण तिलाही सोडलं नाही, अननस दिलेच.

मेरेसियानाचे दिवस भरत आले आहेत. तिच्या नवऱ्याने विचारलं, नाताळला इसिकेली येतोय असं ऐकलं, मग घर त्याला लागेल, आम्ही कुठे जायचं? मी म्हटलं, त्यालाच विचारते. त्यावर मागच्या पत्रात तुम्ही उत्तर दिलंत, "मंगळवारी मी मासे धरायला जाईन." ते मी ओट्यावर उभं राहून वाचून दाखवलं. बायकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की आतल्या खाटेवरची उठून बाहेर आली.

आता तक्रार. बाबांना तुम्ही पायरीवर बसवलंत खरं, पण परिणाम ऐका. ते सकाळपासून नवा शर्ट घालून तिथे बसतात, आणि कोणाचा नंबर आला की गावाला दवंडी द्यावी तशी हाक मारतात. "वेरेनाईकी! सहावा महिना! आत चल!" "मेरेसियाना! तुझे पाय सुजलेत, तू आधी!" समुद्रावर जाळं ओढणाऱ्यांनासुद्धा कळतं कोणाला कितवा आहे. काल तर ज्या पोरीने अजून सासूला सांगितलं नव्हतं, तिचंही नाव घेतलं. सासू धावतच आली! आम्ही चार भिंती मिळवल्या त्या कशासाठी?

मी म्हटलं, "बाबा, हळू बोला, नाहीतर घरी जा." लोसालिनी आजीने काठी दाखवली. पाद्रीबाबांनीही समजावलं. जागचे हलत नाहीत. पायरीवर हात ठेवून म्हणतात, "मला घरमालकाने बसवलंय. उठवायचं तर तोच उठवील."

तेव्हा भावोजी, जहाज शनिवारी सुटतं. या आणि त्यांना उठवा.

तुमची,
केलेरा